सातवा होल, मे महिना

नाशकात समुद्र नाही, हे आराखडा काढणाऱ्याला
कुणी सांगितलं नसावं.
माहितीपत्रकात छापलंय: सागरी शैली.
गंगापूर धरणाच्या फुगवट्याला लागून अठरा होल,
बंकरमध्ये कुठून कुठून ट्रकांनी आणलेली पांढरी वाळू,
आणि क्लबहाऊसच्या दारात बोटीचा एक नांगर,
गंजही बहुधा मागवून चढवलेला.

मला बोलावलंय खेळून मत द्यायला.
वहीत तीन रकाने पाडते नेहमीसारखे:
डोळ्याला काय वाटलं, चेंडूला काय, पायाला काय.

तसं शहरात गोल्फ क्लब मैदान आहेच.
लहानपणी तिथे बाबांबरोबर रोज फेऱ्या मारल्या.
"बाबा, यात गोल्फ कुठाय?"
"नावात," म्हणायचे, आणि भेळेच्या गाडीकडे वळायचे.

कॅडी सुकदेव बेंडकुळे. बोलतो कमी.
पहिल्या टीवर चिमूटभर माती उडवून म्हणाला,
"वारा अंजनेरीकडून येतोय ताई, एक नंबर मोठी काठी घ्या."
घेतली नाही. चेंडू वाळूत.
पुढे त्याचं ऐकायचं ठरवलं.

तिसरा होल छान. टेकडी होती तशी राहू दिलीय,
फेअरवे तिच्या कडेवर बसलाय.
पाचव्यावर मात्र पंगत बसल्यासारखे
एका ओळीत सहा बंकर, वाढपी कुठेच नाही.
सहाव्याचं ग्रीन इतकं वळवळतं
की चेंडूला घेरी यावी.

मग सातवा. ज्याचा फोटो सगळीकडे आहे.
कागदावर टीपासून ग्रीनपर्यंत निळंच निळं,
एकशे साठ यार्ड पाण्यावरून मारायचे, काळीज हातात धरून.
पण आराखडा काढला तेव्हा धरण भरलेलं असणार.
आज पाणी पार मागे सरलंय,
मध्ये भेगाळलेला राखाडी गाळ,
आणि गाळावर
हिरव्या वाफ्यांच्या रेघा.

"गाळपेर," सुकदेव म्हणाला.
"काकडी, टरबूज. पाणी चढेपर्यंत आमचं."

मी मारला. फटका बरा होता, वारा नव्हता.
चेंडू वेलांत गेला.

बूट हातात घेऊन उतरलो खाली.
सुकदेवची आत्या, ठकूबाई, डोईवरचा पदर सावरत उठली.
रागावेल वाटलं.
"हा अकरावा," एवढंच म्हणाली.
"बाकीचे?"
"कोंबडीखाली ठेवते. अंडं समजून तिथंच अंडं घालते येडी."
एक काकडी तोडली, कंबरेच्या पिशवीतलं मीठ लावलं,
चेंडू मात्र दिला नाही.

सागरी शैलीच्या नियमात हे बसत नाही,
मी दंडाचा एक फटका मांडला
आणि काकडी खात वर आले.

बाराव्या ग्रीनवर सहा फुटांचा पट.
मला सरळ दिसत होता, अगदी सरळ.
सुकदेव बसला, बोटानं हवेत वळण काढलं.
"खाली आमचा ओहोळ आहे ताई. बुजवलाय, पण आहे.
चेंडू तिकडंच जाणार."
दोन बोटं डावीकडे मारला.
उजवीकडे वळत, वळत,
पेल्यात पडला.
आराखड्यात ओहोळ नाही.
मी वहीत काढला, पेन्सिलीनं.

संध्याकाळी मत द्यायला बसले.
तिसरा, बारावा: हात लावू नये.
पाचव्याचे चार बंकर बुजवावेत.
सातव्याचं पाणी सहा महिन्यांचं आहे,
उरलेल्या सहा महिन्यांचा पार
आत्याला विचारून ठरवावा.
(हे खोडलं. मग पुन्हा लिहिलं.)

निघताना सुकदेव दारातल्या त्या लोखंडाभोवती
एक फेरी मारून आला.
"याला नांगर म्हणतात ना?"
"हो."
"मग फाळ कुठाय याचा?"

पायाचा रकाना अजून कोरा.
नखांत गाळ आहे,
तो वाळला की झडेल,
तोवर लिहीन काहीतरी.